‘एकटीच आहे, थोडं थांबा!’

औषधांच्या साखळी दुकानांत एसी असतो, सवलत असते, रात्री उशिरापर्यंत शटर वर असतं. पण काउंटरच्या पलीकडे माणसं किती असतात? आजीच्या एका पिवळ्या गोळीमुळे मला हा प्रश्न पडला.

रविवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. सिंहगड रोडवरच्या एका साखळी मेडिकलमध्ये मी रांगेत उभा होतो. रांग म्हणजे आपली नेहमीची. दोघं समोर, तिघं बाजूने कोपर घालून, आणि एक काका ‘मला फक्त एक क्रोसिन हवीय’ म्हणत सगळ्यांच्या डोक्यावरून हात पुढे करून.

काउंटरच्या पलीकडे एकच मुलगी. पांढरा कोट, कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला फोन. फोनवर कुणीतरी इन्सुलिन शिल्लक आहे का ते विचारत होतं. शेजारच्या टॅबवर ऑनलाइन ऑर्डर आल्याची घंटी वाजत होती. डिलिव्हरीवाला मुलगा हेल्मेट न काढताच ‘मॅडम, पार्सल?’ विचारत होता. एका आईला डायपरचं पाकीट बदलून हवं होतं. आणि पेमेंटचा स्पीकर मध्येच कुणाचे तरी पैसे आल्याचं सगळ्या दुकानाला सांगत होता.

माझा नंबर आला. मी मोबाइलवरचा चिठ्ठीचा फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा केला, आत गेली, तीन औषधं घेऊन आली. एका स्ट्रिपमधून चार गोळ्या कापल्या. मग भराभर तीन प्रश्न.

‘मोबाइल नंबर?’

‘पॉइंट्स वापरायचेत?’

‘पिशवी हवीय?’

तोवर माझ्या मागच्या माणसाचं ‘अहो मॅडम, किती वेळ?’ सुरू झालं होतं. ‘एकटीच आहे, थोडं थांबा,’ ती म्हणाली आणि पुढच्याची चिठ्ठी हातात घेतली.

मी खूश होतो. बिलावर सवलत मिळाली, दहा मिनिटांत काम झालं. तिने चौथा प्रश्न विचारला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. तो प्रश्न होता, ‘ही गोळी कशी घ्यायची, माहीत आहे ना?’

पिवळी गोळी

आजीला संधिवात आहे, बोटांच्या सांध्यांचा. सकाळी उठल्यावर तिला डब्याचं झाकण उघडता येत नाही. त्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला मेथोट्रेक्सेट नावाचं नवं औषध सुरू केलं होतं. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलंही होतं. पण ते ऐकलं माझ्या काकाने, औषध आणलं मी आणि गोळ्यांची डबी भरली आईने. सोमवार ते रविवार अशा सात कप्प्यांची ती प्लास्टिकची डबी हल्ली बऱ्याच घरांत दिसते. आईने चार गोळ्या सोमवार ते गुरुवारच्या कप्प्यांत एकेक टाकल्या आणि मला बजावलं, ‘पिवळ्या गोळ्या गुरुवारपर्यंतच पुरतील, आणून ठेव.’

बुधवारी दुपारी तीन वाजता मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकान जवळजवळ रिकामं होतं. तीच मुलगी काउंटरवर होती आणि मागे एक मुलगा फळ्यांवर औषधं लावत होता. मी नंबर सांगितला. तिने कॉम्प्युटरवर मागचं बिल उघडलं आणि थांबली.

‘ही चार गोळ्यांची रविवारी नेलीत ना?’

‘हो, संपत आल्यात.’

‘कोणाला देताय?’

‘आजीला.’

‘रोज?’

मी हो म्हणालो. ती मागच्या मुलाला ‘काउंटर बघ’ म्हणाली आणि बाहेर माझ्यापर्यंत आली. आवाज अगदी हळू होता, पण शब्द अजून आठवतात. ‘ही आठवड्याची गोळी आहे. चार गोळ्या म्हणजे चार आठवडे. किती झाल्या?’

‘तीन.’

‘आत्ता, इथूनच डॉक्टरांना फोन करा.’

डॉक्टरांनी गोळी ताबडतोब थांबवायला सांगितली आणि आजीला त्याच दिवशी बोलावलं. आजी सकाळपासून जीभ चुरचुरतेय म्हणत होती. आम्ही सगळे तिच्या ठेच्याला दोष देत होतो. पुढचे दोन आठवडे तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, आईची झोप उडाली आणि काका कुणाशी धड बोलला नाही. आजी आता ठणठणीत आहे. डबीत पिवळी गोळी फक्त रविवारच्या कप्प्यात असते.

हे औषध कॅन्सरवर मोठ्या मात्रेत वापरतात. संधिवातावर त्याची छोटी मात्रा आठवड्यातून एकदाच देतात. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, हाडांच्या मगजावर परिणाम होऊन रक्तपेशी कमी होतात, साधा संसर्गही शरीराला झेपत नाही. अशा चुकीने जगभरात माणसं दगावली आहेत.

चूक आमचीही होती. चिठ्ठी वाचायला हवी होती, काकाने सांगायला हवं होतं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या मुलीला हे सगळं रविवारी रात्रीही तेवढंच माहीत होतं, जेवढं बुधवारी दुपारी. दुकान तेच, मुलगी तीच, चिठ्ठीही तीच. फरक इतकाच की बुधवारी ‘काउंटर बघ’ म्हणायला तिच्याजवळ दुसरा माणूस होता.

डबा कधी खायचा?

आभार मानायला गेलो तेव्हा मी तिला सांगितलं, यावर लिहावंसं वाटतंय. माझं आणि दुकानाचं नाव येणार नसेल तर बोलेन, ती म्हणाली. आम्हालाही नाव द्यायचं नव्हतंच, कारण हे कुठल्याही दुकानात घडू शकतं. शिफ्ट संपल्यावर जवळच्या अमृततुल्यमध्ये भेटलो.

ती चोवीस वर्षांची आहे. तालुक्याच्या गावात डी. फार्म. केलं आणि नोकरीसाठी पुण्यात आली. चहा यायच्या आधीच तिने विचारलं, ‘आजी कशा आहेत?’ मग म्हणाली, ‘रविवारच्या बिलावर माझाच आयडी होता. बुधवारी स्क्रीनवर तो बघितला आणि पोटात गोळा आला. त्या रात्री जेवले नाही मी.’

मी तिला तिचं काम विचारलं. यादी बरीच लांब निघाली. चिठ्ठी वाचायची, औषध काढायचं, एक्स्पायरी बघायची, बिल करायचं, पैसे घ्यायचे. फोन घ्यायचे. व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डर बांधायच्या. ऑनलाइन ऑर्डर ठरलेल्या वेळेत ‘रेडी’ करायच्या, नाहीतर स्क्रीन लाल होते. आलेला माल मोजून घ्यायचा. फ्रिजचं तापमान लिहायचं. मुदत संपत आलेला माल वेगळा काढायचा. आणि या सगळ्यात टार्गेट. बिल सरासरी किती रुपयांचं झालं, कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडची प्रॉडक्ट्स किती गेली, किती ग्राहकांनी मेंबरशिप घेतली, याचा हिशेब रोज रात्री ग्रुपवर पडतो.

‘कागदावर आम्ही शिफ्टला तिघं असतो,’ ती सांगत होती. ‘पण एकाची साप्ताहिक सुट्टी, एकाला दुसऱ्या ब्रँचला पाठवलेलं, कुणी नोकरी सोडलेली आणि जागा भरलेली नाही. रविवारी संध्याकाळी दवाखान्यांतून गर्दी येते, आणि नेमकं तेव्हाच मी एकटी.’

डबा कधी खाते, असं विचारल्यावर ती हसली. ‘मी आत गेले तर नियमाने चिठ्ठीवरचं औषध कुणी द्यायचं नाही. म्हणजे गिऱ्हाईक ताटकळणार. ते थेट कस्टमर केअरला फोन करतात. मग मला फोन येतो. म्हणून मी उभ्याउभ्याच दोन घास खाते.’

लोक कसे वागतात? बहुतेक चांगले, ती म्हणाली. काही जण ‘आत कुणी जेन्ट्स आहे का?’ विचारतात. काही जण तारीख उलटून गेलेल्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या मागतात आणि नाही म्हटलं की भांडतात. ‘एकदा एका आजोबांना इनहेलर कसा ओढायचा ते दाखवत होते. श्वास आधी पूर्ण सोडायचा, मग दाबायचं, ओढायचं, थोडा वेळ धरायचा. चारपाच मिनिटं लागली. त्या रात्री आमच्या ब्रँचला एक स्टार मिळाला. खाली लिहिलं होतं, स्लो सर्व्हिस.’

मला तिचं पुढचं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. ‘मी ज्याला समजावते त्याच्यासाठी ती चांगली सर्व्हिस असते. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांसाठी तीच स्लो सर्व्हिस असते. मी एकटी असेन तर दोन्ही कसं जमणार?’

मेडिकलवाले काका

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, त्यापेक्षा आपले जुने मेडिकलवाले काकाच बरे. काका चेहऱ्याने ओळखायचे, आजोबांची बीपीची गोळी न सांगता काढून ठेवायचे, उधारीही चालायची. ‘अरे, हे मागच्याच आठवड्यात नेलंस ना?’ हे विचारायला त्यांना कॉम्प्युटर लागत नव्हता.

पण काकांच्या दुकानात भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं सर्टिफिकेट कुणाचं असायचं, हे आपण कधी वाचलं का? फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्याने घ्यायचं आणि काउंटरवर भलत्यालाच उभं करायचं, हे आपल्याकडचं जुनं उघड गुपित आहे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. तेव्हा फार्मासिस्ट नसताना औषधं विकणाऱ्या दुकानांवर कारवाईचा धडाका लागला होता. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, बंदची हाक दिली. आपल्या पिढीला ते आठवणार नाही, कारण तेव्हा आपण शाळेत होतो.

साखळी दुकानांनी काही गोष्टी खरंच सुधारल्या. बिल नक्की मिळतं. प्रत्येक बॅचची नोंद राहते. फ्रिज चालू असतो. मागची खरेदी एका नंबरवर दिसते, आणि आजीला नेमकं त्यानेच वाचवलं. आपल्या वयाच्या मुलामुलींना तर आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. गर्भनिरोधक गोळी, कंडोम किंवा प्रेग्नन्सी टेस्टचं किट घ्यायला काकांच्या दुकानात कोण जाईल? संध्याकाळपर्यंत आईला कळायचं! साखळी दुकानात कुणी भुवई उंचावत नाही.

मात्र त्या ओळख नसण्याला दुसरी बाजूही आहे. माझ्या एका मैत्रिणीने इमर्जन्सी पिल घेतली तेव्हा तिला एकच गोष्ट विचारायची होती. ७२ तासांच्या आत घ्यायची म्हणजे आत्ताच घेऊ की उद्या चालेल? (उत्तर आहे, जितक्या लवकर तितकं चांगलं.) पण मागे पाच जण उभे होते आणि काउंटरवरचा मुलगा बिल स्कॅन करण्यात गुंतला होता. तिने न विचारताच गोळी पर्समध्ये टाकली आणि उत्तर रीलमध्ये शोधलं. ओळखीचे काका नकोत हे ठीक, पण विचारायला कुणीतरी हवं की नाही?

कायदा काय म्हणतो?

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ म्हणतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की असं औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच १’ लागू आहे. त्यात काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लागू शकणाऱ्या काही गोळ्या येतात. त्या देताना डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

त्यानंतर २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आले. त्यांत फार्मासिस्टने पांढरा कोट घालायचा, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावायचा असं आहे. आणि त्यात रुग्णाशी बोलणं हा फार्मासिस्टच्या कामाचाच भाग मानला आहे. औषधाचं नाव काय, कशासाठी आहे, किती आणि किती दिवस घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, कुठे ठेवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे सगळं समजावून सांगायचं. म्हणजे मला न विचारलेला तो चौथा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने मेहेरबानी नव्हती. ती ड्युटी होती.

हे सगळं करायला किती माणसं हवीत, यावर मात्र हे नियम गप्प आहेत. फार्मासिस्ट हजर हवा, एवढंच. दुकानात दिवसभरात वीस लोक येवोत की पाचशे, एक कोट काउंटरवर दिसला की कागदावर सगळं ठीक. तो कोट घातलेला माणूस त्याच वेळी कॅशियर, ऑपरेटर, पॅकर आणि सेल्समन असला, तरी इन्स्पेक्टरच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. पूर्वी प्रश्न होता, फार्मासिस्ट आहे का? आता प्रश्न आहे, फार्मासिस्टला फार्मासिस्टचं काम करायला वेळ आहे का?

डी. फार्म. दोन वर्षांचं असतं आणि त्यावर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. बी. फार्म. चार वर्षांचं. फार्म. डी. सहा वर्षांचं. इतकं शिकून काउंटरवर आलेल्या आपल्याच वयाच्या मुलांकडून आपण मुख्यतः बारकोड स्कॅन करून घेतो.

अमेरिकेत काय झालं?

साखळी दुकानं आपल्याकडे अलीकडे वाढली. अमेरिकेत ती कित्येक दशकांपासून आहेत, म्हणून तिथे हा प्रश्न कुठवर गेला ते शोधलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सस सिटी भागात सीव्हीएस या बड्या साखळीचे फार्मासिस्ट कामावरच आले नाहीत आणि काही दुकानं बंद ठेवावी लागली. पुढच्याच महिन्यात वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीतही असंच झालं. तिथल्या फार्मासिस्टना आपल्या तुलनेत पगार चांगला आहे. त्यांची मुख्य मागणी पगाराची नव्हती, हाताखाली माणसं द्या ही होती. चिठ्ठ्या, लसीकरण, फोन आणि ड्राइव्ह-थ्रूची खिडकी हे सगळं एकट्या-दुकट्याने सांभाळताना आमच्या हातून चूक होईल आणि कुणाचा तरी जीव जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

कॅलिफोर्नियाने त्याआधीच, २०१८ मध्ये एक कायदा केला होता. दुकान ग्राहकांसाठी उघडं असताना मदतीला दुसरा कर्मचारी उपलब्ध नसेल, तर फार्मासिस्टला एकट्याने काम करायला लावता येणार नाही. २०२३ मध्ये त्याच राज्याने आणखी एक कायदा करून साखळी दुकानांतल्या मनुष्यबळाचे नियम कडक केले आणि औषध देताना झालेल्या चुका कळवणं बंधनकारक केलं.

हे वाचून मी तिला मेसेज केला. तिने उत्तर पाठवलं, ‘म्हणजे तिकडे एकटीला ठेवणं बेकायदा?’ पुढे एक डोळे मोठे केलेला इमोजी. थोड्या वेळाने आणखी एक मेसेज आला. ‘आणि चूक कळवायची? इथे चूक झाली तर आपण गप्प बसतो. नोकरी जाईल म्हणून.’

यातला दुसरा मेसेज मला जास्त बोचला. आजीच्या बाबतीत काय घडलं ते आम्हाला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक आहे. कुठल्याही रजिस्टरमध्ये त्याची नोंद नाही. अशी नोंदच नसेल तर रविवारी रात्री माणसं कमी पडतात हे वर बसलेल्यांना कळणार कसं? त्यांच्याकडे पोचतो तो फक्त विक्रीचा आकडा, आणि त्या रविवारी तो उत्तम होता.

मग करायचं काय?

मी तिला विचारलं, तुझ्या हातात असतं तर काय बदललं असतंस? मला वाटलं पगार म्हणेल. तिने तीन छोट्या गोष्टी सांगितल्या. गर्दीच्या तीन तासांत काउंटरवर दोन फार्मासिस्ट. फोन आणि ऑनलाइन ऑर्डरसाठी वेगळा माणूस, म्हणजे चिठ्ठी वाचताना मध्येच घंटी वाजणार नाही. आणि औषधावर मराठीत छापलेलं लेबल, ‘आठवड्यातून एकदा’, ‘उपाशीपोटी’, ‘जेवणानंतर’ असं. ‘बिलाचा प्रिंटर आहेच की,’ ती म्हणाली.

यातलं काहीच अवघड नाही. दुसऱ्या माणसाचा पगार मात्र द्यावा लागतो. तो वाचवून जी सवलत आपल्याला मिळते, त्यावर आपणही खूश असतो. मी होतोच.

परवाच्या रविवारी पुन्हा त्या दुकानात गेलो, आजीच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणायला. रात्रीचे नऊ. ती पुन्हा एकटीच. माझ्या पुढे एक बाई होत्या, हातात लहान मुलाचं अँटिबायोटिक सिरप. बाटलीतल्या पावडरीत खुणेपर्यंत पाणी कसं घालायचं, हे ती त्यांना समजावत होती. उकळून गार केलेलं पाणी, आधी थोडं, मग हलवायचं, मग खुणेपर्यंत. माझ्या मागून कुणीतरी सुस्कारा टाकला. ‘अहो मॅडम, जरा लवकर!’

ती मान वर करणार इतक्यात मीच मागे वळलो आणि म्हणालो, ‘एकटीच आहे, थोडं थांबा.’

माझा नंबर आला तेव्हा तिने चार गोळ्या कापल्या, मार्कर उघडला आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फक्त रविवारी’. मग वर बघून विचारलं, ‘कशी घ्यायची, सांगा बरं.’

मी सांगितलं. तिने पुढच्याची चिठ्ठी घेतली.

काउंटरवर हे विसरू नका

• औषध घेताना विचारा: कशासाठी, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस? उत्तर आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा.

• ‘रोज की आठवड्यातून एकदा?’ हा प्रश्न विचाराच. संधिवाताच्या आणि हाडांच्या काही गोळ्या, तसंच जास्त मात्रेचं व्हिटॅमिन डी आठवड्यातून एकदा घेतात.

• घरातली दुसरी औषधं सांगा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी एकत्र घेत नाहीत, मध्ये काही तासांचं अंतर ठेवतात.

• स्ट्रिप कापून घेतली तर नाव आणि एक्स्पायरी आपल्या तुकड्यावर आहे का बघा. नसेल तर मागच्या बाजूचा फोटो काढा.

• कोटावरचा बिल्ला बघा. फार्मासिस्ट कोण आहे हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

• घाई नसेल तर रविवार संध्याकाळ टाळा, दुपारी जा. आणि समोर कुणाला समजावून सांगणं चालू असेल, तर स्टार कापू नका.